इतिवृत्त यंत्र लिहील, पण वाचून दाखवणार कोण?

ग्रामपंचायतीच्या कचेरीत पूर्वी दोन खुर्च्यांना मान असे. एक सरपंचांची, दुसरी ग्रामसेवक भाऊसाहेबांची. २०११ साली संग्राम योजना आली, संगणक आला आणि त्याच्यापुढे परिचालकाची तिसरी खुर्ची आली. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली आणि सरकारी कचेऱ्यांत, पंचायतींत आणखी एक खुर्ची मांडायची वेळ आली. खुर्ची नसेल तिथे बाकडे. त्या बाकड्यावर येऊन बसलेली मुले-मुली आपल्याच गावची, आपल्याच भावकीतली.

योजना सर्वांना ठाऊक आहेच. वय १८ ते ३५. बारावी झालेल्याला महिन्याला ६ हजार, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८ हजार, पदवीधराला १० हजार रुपये विद्यावेतन, तेही थेट बँक खात्यात. मुदत आधी सहा महिने होती, २०२५ मध्ये ती वाढवून एकूण अकरा महिने केली. योजनेच्या नावात ‘प्रशिक्षण’ हा शब्द आहे. प्रश्न तिथेच सुरू होतो. शिकायचे काय? आणि शिकवायचे कोणी?

बहुतेक कचेऱ्यांत या मुलांच्या वाट्याला येते ते झेरॉक्स काढणे, दाखल्यांचे अर्ज भरणे आणि ऑनलाइन माहिती चढवणे. त्यातच गेल्या दोन वर्षांत एक नवी गोष्ट आली. पोरांच्या खिशातल्या फोनमध्ये कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे सगळे ज्याला एआय म्हणतात ती, येऊन बसली. “जरा बीडीओ साहेबांना पत्र लिहून दे रे,” म्हटले की मुलगा फोनला सांगतो, फोन पत्र लिहितो. शुद्धलेखन बरे, ‘महोदय’ आणि ‘सविनय’ जागच्या जागी, पान भरून मजकूर. भाऊसाहेब खूश, सरपंच खूश. यात वाईट काही नाही. ज्या कामाला दुपार जायची ते पंधरा मिनिटांत होत असेल तर कोणाला नको आहे?

पण पत्रात लिहिले काय आहे, ते गावच्या खऱ्या अडचणीशी जुळते का, हे पाहणारा डोळा तयार झाला आहे का, हे विचारले पाहिजे. हे सगळे या मुलांच्या प्रशिक्षणात बसायला हवे आणि आज ते बसत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

यंत्र काय करते

आधी हे यंत्र चालते कसे ते थोडक्यात पाहू, कारण त्याच्याविषयी दोन टोकांचे गैरसमज आहेत. काहींना वाटते, ते देवासारखे सर्व जाणते. काहींना वाटते, तो निव्वळ खेळ आहे. दोन्ही खरे नाही. माणसांनी लिहिलेला प्रचंड मजकूर या यंत्राला चारलेला असतो. पुस्तके, वर्तमानपत्रे, सरकारी निर्णय, असे काय काय. त्यातून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येतो याचा फार मोठा हिशेब ते बांधते. आपण प्रश्न केला की त्या हिशेबाने एकेक शब्द मांडत जाते. त्यामुळे जे पुष्कळ लिहिले गेले आहे ते त्याला चांगले येते. जे थोडे लिहिले गेले, किंवा कधी लिहिलेच गेले नाही, तिथे ते अंदाज बांधते. अडचण अशी की अंदाजाचे वाक्य आणि माहितीचे वाक्य दोन्ही सारख्याच ठाम आवाजात येतात. आपल्याकडचा जाणता माणूस अडला तर “बघून सांगतो” म्हणतो. यंत्राला ती सवय कमी.

आता पेण आणि रोह्याकडे बघा. आपल्या शेतीचे, आपल्या खाडीचे, आपल्या वाड्यांचे किती ज्ञान छापले गेले आहे? फार थोडे. जे आहे ते म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे, तेही आगरी, कोळी, कातकरी बोलीत.

उघाडी आणि उघडी

पेण तालुक्यातल्या वाशी, वढाव, दादर, रावे, शिर्की या खारपट्ट्यात किंवा रोहा तालुक्यातल्या यशवंतखारसारख्या गावात शेती उभी आहे ती बांधाच्या जिवावर. समजा, अशा एखाद्या गावच्या ग्रामसभेत एखादे तात्या उठले आणि म्हणाले, “उधानाला बाहेरकाठ्याला खांड गेली. उघाडीची फली मोडलीय. भांग हाय तवर खांड बुजवा, नायतर औंदा शेतान खारा पानी शिरला म्हनून समजा.”

खारपट्ट्यातल्या पोरालासुद्धा यातला शब्द न् शब्द कळतो. उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती. भांग म्हणजे अष्टमीच्या आसपास पाणी मंद असते तो काळ, बांधाची डागडुजी करायची ती याच दिवसांत. खांड म्हणजे बांधाला पडलेले भगदाड. उघाडी म्हणजे पावसाचे गोडे पाणी बाहेर सोडणारे आणि खाडीचे खारे पाणी आत येऊ न देणारे बांधातले दार.

आता हेच बोलणे यंत्राच्या कानावर घाला. ‘उघाडी’ची ‘उघडी’ व्हायला कितीसा वेळ? ‘खांड’ म्हणजे साखर, ‘भांग’ म्हणजे डोक्यातला भांग किंवा शिवरात्रीची भांग, ‘खार’ म्हणजे झाडावरची शेपटीवाली. मजकूर मराठीतून इंग्रजीत आणि परत मराठीत असा फिरून आला तर आणखी घोळ. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट असती तर आम्ही इथे लिहिले नसते. त्या ग्रामसभेचा ठराव पुढे खारभूमी विकास विभागाकडे जातो. ठरावात ‘बांधाचे दार उघडे आहे’ असे लिहून गेले तर तिथला अधिकारी म्हणेल, उघडे आहे तर लावून घ्या. दुरुस्तीचा प्रस्ताव तिथेच संपला आणि उधाण काही कागदाची वाट पाहत नाही. एकदा खारे पाणी शेतात साचले की त्या जमिनीतले मीठ निघायला पुढचे पावसाळे जातात, हे खारपट्ट्यात कोणाला सांगायला नको.

दुसरी एक गोष्ट यंत्राला आपणहून कळणार नाही. तो बांध सरकारी योजनेतला की खाजगी? १९४८ च्या खार जमीन कायद्यापासून १९७९ च्या खारभूमी विकास कायद्यापर्यंत बरेच पाणी वाहून गेले. पूर्वी खोत आणि कुळे मिळून बांध राखत, पुढे ती घडी मोडली. आज बांध कोणत्या योजनेत आहे यावर दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा ते ठरते. पत्र कितीही सुबक असो, ही एक ओळ त्यात नसेल तर ते टेबलावरून टेबलावर फिरत राहते. आणि ही ओळ सापडते ती जुन्या दप्तरात किंवा गावातल्या जाणत्या माणसाकडे.

डोंगरात याहून नाजूक प्रकरण आहे. रोह्याच्या डोंगरपट्ट्यात आणि पेणच्या पूर्वेकडील वाड्यांत ठाकूर, कातकरी, धनगर कुटुंबे पिढ्यान्पिढ्या ‘दळी’ जमिनी कसत आली. नाचणी-वरी पिकवण्यासाठी जंगलातले उताराचे तुकडे दिले जात, ती दळी. ‘दळीची जमीन’ या शब्दांची कोणी ‘डाळीची जमीन’ केली तर वाचणाऱ्याला वाक्य बरोबरच वाटेल! २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा करणाऱ्या माणसासाठी मात्र त्या एका अक्षरात घरदार आहे. या कायद्याच्या नियमांत गावातल्या वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदनही पुरावा म्हणून धरले आहे. म्हणजे म्हातारीने काय सांगितले आणि कागदावर काय उतरले यात तफावत असून चालत नाही. शिवाय वनहक्काच्या ग्रामसभेला किमान निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया लागतात. साध्या ग्रामसभेची गणपूर्ती वेगळी, म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांतली जी संख्या कमी असेल ती. यंत्राने दोन्हींची सरमिसळ केली आणि कचेरीत कोणाच्या लक्षात आले नाही, तर सभाच बाद ठरण्याचा धोका.

सभासार आले आहे

हे सारे दूरचे आहे असे कोणी समजू नये. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने १४ ऑगस्ट २०२५ रोजी ‘सभासार’ नावाचे साधन सुरू केले. ग्रामसभेचे ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण त्यात घातले की ते बोलणे लिहून काढते आणि सभेचे इतिवृत्त तयार करते. भारतीय भाषांसाठी सरकारने उभारलेल्या ‘भाषिणी’च्या आधारे ते चालते, मराठीही त्यात आहे. ग्रामसेवकाचे (२०२४ पासून पदाचे नाव ग्रामपंचायत अधिकारी झाले, लोक अजून भाऊसाहेबच म्हणतात) काम यामुळे हलके होईल यात शंका नाही. दोन-तीन ग्रामपंचायतींचा भार एकट्याने ओढणाऱ्या माणसाला तेवढा दिलासा मिळायलाच हवा.

त्याचा एक मोठा फायदाही सांगितला पाहिजे. हाताने लिहिलेल्या इतिवृत्तात काय यायचे आणि काय गाळायचे हे आजवर लिहिणाऱ्याच्या मर्जीवर होते. गरिबाचे म्हणणे ‘चर्चा झाली’ या दोन शब्दांत उरकले जाई आणि कधी कधी न झालेला ठराव झालेला असे. असले अनुभव गावोगाव आहेत. ध्वनिमुद्रण असले की निदान बोललेले नाहीसे होत नाही. पेण तालुक्यातल्या लोकांना तर कागदाची किंमत कोणी शिकवायला नको. महामुंबई सेझच्या वेळी २१ सप्टेंबर २००८ रोजी इथल्या २२ गावांत शेतकऱ्यांचे जनमत घेण्यात आले होते. लोकांनी काय सांगितले हे लिहिलेले असणे म्हणजे काय, हे त्या गावांना चांगले माहीत आहे.

पण सभासार चालायचे तर ग्रामसभेत एका वेळी एकाने बोलायला पाहिजे. आपल्या ग्रामसभेत एका वेळी किती जण बोलतात हे वाचकांनीच आठवावे. माईकजवळच्याचा आवाज नीट उतरेल. भिंतीशी बसलेल्या बायका, दारात उभी असलेली वाडीवरची माणसे, यांचा आवाज उतरेल का? इथे ते बाकड्यावरचे पोर कामाला येते. माईक घेऊन तिथपर्यंत जायचे काम यंत्र करणार नाही.

चावडीवाचनाचा धडा

यावर उपाय नवा शोधायची गरज नाही, तो आपल्याकडेच होऊन गेला आहे. सातबारा संगणकावर चढवताना नावे, क्षेत्रे, हिस्से यांत इतक्या चुका शिरल्या की २०१७ मध्ये महसूल खात्याला गावोगाव चावडीवाचन घ्यावे लागले. तलाठ्याने उतारे मोठ्याने वाचायचे, खातेदारांनी ऐकायचे आणि “माझ्या बापाचे नाव चुकले,” “आणेवारी बरोबर नाय,” असे तिथल्या तिथे सांगायचे. संगणकाला जे सापडले नसते ते ऐकणाऱ्याला एका क्षणात सापडे, कारण ती जमीन त्याची होती. पुढे १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचे उतारे मिळू लागले. मध्ये माणसाचा कान होता, हे विसरता येणार नाही. तरी ज्यांच्या चुका तेव्हा राहून गेल्या ते आजही कलम १५५ खाली दुरुस्तीसाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवत आहेत.

ग्रामसभेच्या नोटिशीवर विषय क्रमांक एक काय असतो? मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. प्रत्यक्षात भाऊसाहेब पहिली दोन वाक्ये वाचतात, मागून “मंजूर, मंजूर” असा आवाज येतो आणि विषय क्रमांक दोन सुरू होतो. यंत्राने लिहिलेल्या इतिवृत्ताला हे चालणार नाही. ते पूर्ण वाचले पाहिजे, सावकाश, गावच्या बोलीत समजावत आणि शक्य तर सभा झाल्यावर आठवडाभरात एकदा वाडीवर जाऊनही. हे काम प्रशिक्षणार्थ्याला द्या. त्याला वाचता येते, त्याच्याकडे वेळ आहे आणि गावात त्याला कोणी परका म्हणत नाही. मुलगी असेल तर महिला ग्रामसभेत ती हे काम आणखी चांगले करील.

शिकवायचे ते काय

आमच्या मते या मुलांचा पहिला पंधरवडा फोनशिवाय गेला पाहिजे. गावाची हद्द पायाने फिरावी. बांध कुठे, उघाड्या किती, पाणवठे कुठे, वाड्या कोणत्या, कोणत्या वाडीला पावसाळ्यात रस्ता राहत नाही, हे डोळ्यांनी पाहावे. पंचायतीच्या दप्तरातले तेहतीस नमुने आहेत, त्यातले निदान नमुना आठसारखे रोजच्या कामाचे हाताळून समजून घ्यावेत. मग एका सभेचे इतिवृत्त हाताने लिहावे. ते जमल्यावर त्याच सभेचे इतिवृत्त यंत्राकडून करून घ्यावे आणि दोन्ही शेजारी ठेवून भाऊसाहेबांबरोबर बसावे. कुठे यंत्र सरस ठरले, कुठे आपण, हे त्याला स्वतःला दिसेल. ज्याने कधी हाताने लिहिलेच नाही त्याला यंत्राची चूक चूक म्हणून ओळखू येणार नाही. खाडीत पोहायला शिकलेल्याच्याच हाती होडी द्यावी, तसेच हे आहे.

आणखी एक ताकीद आवश्यक आहे. कोणाचा आधार क्रमांक, बँकेचे पासबुक, वनहक्काच्या दाव्याची कागदपत्रे फोनवरच्या फुकट एआयमध्ये टाकायची नाहीत. ती माहिती कुठे जाते ते आपल्या हातात राहत नाही. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे, तो कचेरीत कोणी वाचून दाखवला तर बरे होईल. पीएम किसानच्या नावाने येणाऱ्या खोट्या फाइली उघडून खाती रिकामी झाल्याचे प्रकार राज्यात झाले आहेत. गावात असा मेसेज फिरू लागला की पहिल्यांदा ओळखणारा आणि दवंडी देणारा हाच मुलगा असला पाहिजे.

शेतीच्या सल्ल्याचे

शेतीतही ही नवी हवा आली आहे. राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये ‘महाॲग्री-एआय’ धोरण मंजूर केले, पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपये ठरवले. कृषी खात्याचे ‘महाविस्तार’ ॲप त्याच्या थोडे आधी, मे २०२५ मध्ये आले. त्यात मराठीत प्रश्न विचारता येतो आणि हवामान, बाजारभाव, कीडरोग यांची माहिती मिळते. बारामतीकडे उसात एआयचे प्रयोग झाले, त्यांची चर्चा सगळीकडे झाली. आमचे म्हणणे एवढेच की आपल्याकडे ऊस नाही, खारे भात आहे, वरकस आहे, भातानंतर ओलीवर घेतलेला वाल आहे. सल्ला त्याचा पाहिजे.

खारपट्ट्यातल्या जुन्या माणसांनी काळा राता, भुरा राता ही भाते जपली नसती तर काय झाले असते? खारे पाणी सोसणारे हे वाण पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या कामाला आले आणि भुऱ्या रात्याच्या वंशातून ‘पनवेल १’ उभा राहिला. शेतकऱ्याची पारख आणि शास्त्रज्ञाची चाचणी अशी एकत्र आली. आज तिसरे यंत्र येऊन बसते आहे, तर त्याला या दोघांशी जुळवून घ्यावे लागेल.

किल्ला-रोहा येथे कोकण कृषी विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र आहे. ग्रामीण युवकांना प्रशिक्षण देणे हे अशा केंद्रांचे ठरवून दिलेले काम आहे. पंचायतीतल्या प्रशिक्षणार्थ्यांना महिन्यातून एक दिवस तिथे पाठवले तर? शेतकऱ्यांनी महाविस्तारला विचारलेले दहा प्रश्न आणि मिळालेली दहा उत्तरे घेऊन जायची आणि तिथल्या तज्ज्ञांसमोर ठेवायची. कुठले उत्तर खारपट्ट्याला लागू आहे, कुठले देशावरच्या काळ्या जमिनीचे आहे, ते कळेल. विशेषतः औषधाचे प्रमाण. फोनने सांगितले म्हणून पंपात ओतले असे करू नये. डब्यावरचे लेबल आणि कृषी खात्याचा माणूस यांना विचारूनच फवारणी करावी.

कारखान्यातली शाळा

पंचायतीबाहेरचीही तीच गोष्ट आहे. पेण आणि हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत भागातले गणपतीचे कारखाने ही या तालुक्याची सर्वांत मोठी शाळा. तिला प्रमाणपत्र नाही एवढेच. हल्ली गिऱ्हाईक एआयने काढलेले चित्र फोनवर पाठवते आणि “मूर्ती अशीच पाहिजे” म्हणते. चित्र देखणे असते. पण त्याला मागची बाजू नसते, वजन नसते. उचललेल्या हाताला आधार कुठून द्यायचा, शाडू वाळताना तडा कुठे जाईल, ट्रकमध्ये काय टिकेल, हे चित्रात नसते. डोळ्यांच्या आखणीला बसणारे पोर वर्षानुवर्षे नुसते शेजारी बसून पाहते, मग एक दिवस त्याच्या हाती ब्रश येतो. असे शिक्षण फोनमधून येत नाही. उलट नक्षीचे दहा नमुने पटकन पाहायला, परगावच्या व्यापाऱ्याला इंग्रजीत उत्तर द्यायला यंत्र फार उपयोगी.

फक्त नियमांच्या बाबतीत सावध असावे. पीओपीविषयी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची बंदीची मार्गदर्शक तत्त्वे मे २०२० ची. मुंबई उच्च न्यायालयाने ९ जून २०२५ रोजी पीओपी मूर्ती बनवायला व विकायला मोकळीक दिली, नैसर्गिक पाण्यात विसर्जनाचा प्रश्न वेगळा ठेवला. ज्या यंत्राचे वाचन त्याआधी थांबले असेल ते ठामपणे जुनाच नियम सांगेल. त्यावर विसंबून कारखानदाराने वर्षाचा माल ठरवला तर नुकसान कोणाचे?

धाटावच्या औद्योगिक वसाहतीत हा बदल आधीच होऊन गेला. रासायनिक कारखान्यांत आज नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर तापमान, दाब सगळे दिसते. तरी तिथे रासायनिक प्रकल्पाचा परिचालक म्हणून शिकणाऱ्या आयटीआयच्या मुलाला प्लँटमध्ये फेरी मारावी लागतेच. पंपाचा बदललेला आवाज आणि नाकाला जाणवणारा वास अजून माणसालाच आधी कळतो.

अकरा महिन्यांनंतर

शेवटी मूळ प्रश्न उरतो तो या मुलांचा. अकरा महिने संपले की पुढे काय, म्हणून २०२५ मध्ये प्रशिक्षणार्थ्यांनी राज्यात आंदोलने केली. सरकारचे म्हणणे, ही नोकरी नव्हे, प्रशिक्षण आहे. संगणक परिचालकांनी तर याहून जास्त वर्षे तुटपुंज्या मानधनासाठी मोर्चे काढले. त्या पोरांनी सगळ्या महाराष्ट्राचे दाखले ऑनलाइन केले, हे आज कोणाच्या लक्षात आहे? यंत्र आल्यामुळे आता असा धोका आहे की पुढची सरकारे म्हणतील, यंत्र लिहिते आहे, मग माणूस कशाला.

पोराच्या हातात त्या काळात काय पडले, हे म्हणून मोजले पाहिजे. झेरॉक्स आणि यंत्राकडून लिहून घेतलेली पत्रे एवढेच पडले असेल, तर बाहेर त्याला कोणी विचारणार नाही. तेच काम बाहेरचा दुसराही करू शकतो. पण गावचे दप्तर वाचता येते, ग्रामसभा लिहिता आणि वाचून दाखवता येते, वनहक्काच्या दाव्याचे कागद लावता येतात, यंत्राची चूक पकडता येते, असा मुलगा संस्थेला, सहकारी सोसायटीला, कारखान्याच्या कचेरीलाही हवा असतो. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी मुदत संपताना अनुभवाचा दाखला देताना ‘कार्यालयीन कामकाज केले’ असे मोघम न लिहिता नेमके काय केले ते लिहावे. किती इतिवृत्ते वाचून दुरुस्त केली, किती दावे जुळवले, किती शेतकऱ्यांची ई-पीक पाहणी करून दिली. एवढे लिहायला पैसे पडत नाहीत.

दरम्यान एक काम लगेच सुरू करता येईल. प्रत्येक ग्रामपंचायतीतल्या प्रशिक्षणार्थ्याने आपल्या गावच्या शेतीचे, पाण्याचे, जमिनीचे, जंगलाचे पन्नास शब्द जाणत्यांना विचारून लिहून काढावेत आणि प्रत्येकापुढे साध्या मराठीत अर्थ द्यावा. उघाडी, खांड, बाहेरकाठा, भांग, दळी, राब, वरकस, खाजण, असे. कचेरीच्या भिंतीवर तो तक्ता लावावा. यंत्राला इतिवृत्त करायला सांगताना तो आधी दिला तर त्याच्या चुका कमी होतात, हा अशा यंत्रांचा गुण आहे. नव्याने बदलून आलेल्या अधिकाऱ्यालाही त्याचा उपयोग होईल. पेण आणि रोहा तालुक्यांतून असे तक्ते या पानाकडे आले तर ते गावाच्या नावासह छापले जातील. अक्षर स्वच्छ असावे आणि कोणत्या वाडीवरचा शब्द आहे तेही लिहावे, कारण एका खाडीच्या दोन काठांना एकाच वस्तूचे नाव वेगळे असते.